"अगं, हे भाजलेलं नाही, उकडलंय": पेलेट ग्रिलसोबतची चार वर्षं

गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाला मी टोमॅटोचं सार करून नेलं होतं. टोमॅटो आदल्या दिवशी मागच्या अंगणातल्या पेलेट ग्रिलवर, म्हणजे लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या भट्टीत, दोन तास धुरात ठेवले होते, बाकी सार नेहमीचंच. पातेलं अर्ध्या तासात खडखडीत झालं आणि त्या दिवसापासून तीन घरांतून एकच विचारणा: "तुझा तो ग्रिल कुठला? आम्हीही घेऊ का?" प्रत्येकीला फोनवर वेगळंच काहीतरी सांगून बसले, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते.

आधीच सांगते, आपण मराठी माणसं ज्या कामांसाठी हे यंत्र घ्यायला धावतो, म्हणजे तंदुरी, कबाब आणि वांग्याचं भरीत, त्यातलं एकही काम ते मनासारखं करत नाही. तरी मी ते विकलेलं नाही आणि विकणारही नाही.

आम्ही राहतो ओव्हरलँड पार्कला, कॅन्सस सिटीच्या उपनगरात. मिसळ कुठली खरी यावरून पुणे, नाशिक, कोल्हापूरवाले जसे हमरीतुमरीवर येतात तसे इथले लोक बार्बेक्यूवरून येतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हेन्री पेरी नावाच्या माणसाने या शहरात धुरात शिजवलेलं मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकायला सुरुवात केली, तिथपासून हे वेड आहे. इथलं नावाजलेलं 'जोज कॅन्सस सिटी' हॉटेल तर चक्क पेट्रोलपंपात आहे. बाहेर गाडीत पेट्रोल भरा, आत रिब्जसाठी रांग लावा. अशा गावात सोळा वर्षं काढल्यावर घरी धूर करावासा वाटला नसता तरच नवल. शेजारी एक निवृत्त आजोबा आहेत, त्यांच्याकडे लाकूड घालायचा खरा लोखंडी स्मोकर आहे. ते शनिवारी पहाटे चारला उठतात आणि दर पाऊण तासाने लाकूड सरकवतात. मी सातला उठून चहा घेत त्यांना खिडकीतून हात करते. पेलेट ग्रिल आणि खरा स्मोकर यांतला फरक एवढाच धरून चाला. चवीतही फरक आहे, तो पुढे सांगते.

हे यंत्र चालतं कसं ते समजून घ्यायला पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. दळण ओतायला असतं तसं एका बाजूला हॉपर. त्यात लाकडाच्या गोळ्या ओतायच्या. गोळ्या म्हणजे भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या. गावी गुरांना गोळी पेंड घालतात, हुबेहूब तशा. हॉपरच्या तळाशी एक मळसूत्री दांडा असतो, त्याला ऑगर म्हणतात. तो फिरत फिरत गोळ्या पुढे ढकलतो आणि मधल्या वाटीएवढ्या लोखंडी भांड्यात टाकतो. तिथे बादलीतलं पाणी तापवायच्या रॉडचा धाकटा भाऊ बसलेला असतो. तो लाल झाला की गोळ्या पेटतात, मग तो विझतो आणि पंखा फुंकणी घालत राहतो. विस्तवावर जाड पत्रा, पत्र्यावर चरबी वाहून नेणारा उतरता ट्रे आणि त्याच्यावर जाळी. तापमान घसरलं की ऑगर चार गोळ्या जास्त टाकतो, वाढलं की कमी. थोडक्यात, चूल फुंकायला एक न कंटाळणारी बाई बसवली आहे.

विजेशिवाय यातलं काहीच चालत नाही, हे अनेकांना घरी खोकं उघडल्यावरच कळतं. पेटताना दोन-तीनशे वॅट लागतात, नंतर एखाद्या दिव्याएवढी वीज. पण प्लग लागतोच, आणि तोही बाहेर. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून करू, असं आमच्या ओळखीत एकजण म्हणाला. तसलं काही करू नका, हा लाकडाचा विस्तव आहे.

ही कल्पना मुळात ओरेगनमधल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांची. १९७०च्या दशकात तेल महागलं, त्यानंतर घर उबदार ठेवायला या गोळ्यांच्या शेगड्या आल्या होत्या, त्यांनी त्यावर स्वयंपाक चढवला. १९८६मध्ये पेटंट मिळालं, वीस वर्षांनी ते संपलं आणि मग पिट बॉस, कॅम्प शेफ, रेकटेक, झी ग्रिल्स अशी कंपन्यांची रांगच लागली. दुकानात एकासारखे एक काळे डबे दिसतात आणि कुठला घ्यावा ते कळत नाही, ते त्यामुळे.

आता वांग्याची गोष्ट. पहिल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. त्या जळगावच्या. भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळवणारा जिल्हा, तिथे वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळात भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. मी मोठ्या हौसेने इंडियन स्टोअरमधून चार दांडगी वांगी आणली, टोचे मारले, तेलाचा हात फिरवला, ग्रिल ४५० डिग्रीवर नेला (इथे सगळा हिशोब फॅरेनहाइटचा) आणि झाकण लावलं. पन्नास मिनिटांनी उघडलं. साल तपकिरी, सुरकुतलेली, चामड्यासारखी चिवट. देठाशी पाणी सुटलेलं. साल सोलायला गेले तर सुटेचना, गर घेऊन यायला लागली. सासूबाईंनी बोटभर गर चाखला.

"अगं, हे भाजलेलं नाही. उकडलंय."

"आई, धुराचा वास येतोय की."

"धूर येतोय. करपलेलं कुठे आहे?"

शंभर टक्के बरोबर. भरिताची चव ही जळलेल्या सालीची चव असते, आणि पेलेट ग्रिलमध्ये ज्वाला पदार्थाला शिवतच नाही, मध्ये तो पत्रा आहे. हे यंत्र ग्रिल नाहीच. हा पंखा लावलेला, लाकडावर चालणारा ओव्हन आहे. विकणाऱ्यांनी त्याला ग्रिल म्हटलं म्हणून आपण फसतो. तंदुरी चिकनचंही तेच. लाल मसाला छान शिजतो, रसदार होतो, पण कडेला काळे डाग पडत नाहीत, आणि ते डाग नसले तर तंदुरी कसली!

पुढच्या आठवड्यात मी वांगी आधी २०० डिग्रीवर चाळीस मिनिटं धुरात ठेवली आणि मग घरात आणून गॅसच्या ज्वाळेवर साल काळी होईपर्यंत भाजली. ते भरीत सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. वर विचारलं, "मग पहिल्यापासून गॅसवरच का नाही भाजलंस?" धुरासाठी, म्हटलं. त्या हसल्या. आता फोनवर विचारतात, "तुझी ती चूल काय म्हणते?"

माझं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे पोपटीचाही (भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेल्या शेंगा, अंडी, चिकन) प्रयोग झाला. बिनमडक्याची, बिनभांबुर्ड्याची पोपटी: लोखंडी भांड्यात गोठवलेल्या पापडीच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, खडे मीठ, वर केळीचं पान. चवीला बरी झाली, पण पोपटी नव्हे. नंतर डोक्यात प्रकाश पडला की पोपटीत बाहेरचा धूर मडक्यात फारसा जातच नाही, तो सगळा वास भांबुर्ड्याच्या पाल्याचा. ते तण कॅन्ससमध्ये कुठलं उगवायला? यात यंत्राचा दोष नाही.

मग हे यंत्र करतं काय? जे काही सावकाश व्हायला हवं ते सगळं. बकऱ्याची अख्खी रान, साधारण चार पाउंडाची, हलाल दुकानातून आणायची आणि दही, आलं-लसूण, भरपूर मिरं, थोडा गरम मसाला लावून रात्रभर मुरवायची. सकाळी २५० डिग्रीवर ठेवायची. आतलं तापमान १६५च्या आसपास गेलं की ते तिथेच अडून बसतं, तास तास हलत नाही. पहिल्यांदा मला वाटलं यंत्र बिघडलं. मांसातून घाम सुटतो, तो सुकताना थंडावा येतो, म्हणून आकडा पुढे सरकत नाही. माठातलं पाणी गार राहतं तोच प्रकार. इथले लोक याला 'स्टॉल' म्हणतात. अशा वेळी रान फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायची आणि २००पर्यंत जाऊ द्यायची. एकूण पाच-सहा तास. मग हाड हाताने ओढलं तर सुळकन बाहेर येतं, रस्सा न करताही भाकरीबरोबर खाता येतं. हे माझ्या ओव्हनमध्ये कधीच झालं नव्हतं.

नवरा मांस खात नाही. त्याच्यासाठी टोमॅटो, रताळी, पनीरची अख्खी वडी, एकदा तर उकडलेले बटाटे धुरावून त्याची भाजी. रताळ्यांना २५० डिग्रीवर दोन तास दिले की साखर सालीतून बाहेर येऊन चिकटते, उपासाच्या दिवशी नुसतं तूप घालून खा. पनीर जास्त वेळ ठेवू नका, रबर होतं. सालमन तर न चुकता जमतो. चिकन कमी तापमानावर करण्याचा मोह मात्र टाळा. सालीसकट चिकन २२५वर ठेवलं तर साल चघळायच्या रबरासारखी लागते, सरळ ३७५वर करा. बिनसालीचं असेल तर दह्याचा थर जाड द्या.

एक गोष्ट कुणी दुकानात सांगत नाही. धुराची चव यात कमी येते. गोळ्या इतक्या स्वच्छ जळतात की निळसर धूर जेमतेम दिसतो. शेजारच्या आजोबांच्या स्मोकरमधलं मांस आणि माझं शेजारी शेजारी ठेवलं तर आंधळाही ओळखेल. माझ्या घरात ते सोयीचं आहे, मुलांना उग्र धूर आवडत नाही. तुम्हाला हवा असेल तर सुरुवातीचे दोन तास १८० ते २००वरच ठेवा, तापमान कमी तितका धूर जास्त. किंवा स्मोक ट्यूब घ्या, भोकं पाडलेली फूटभर नळी असते, तिच्यात गोळ्या भरून पेटवून जाळीवर ठेवायची. पंधरा-वीस डॉलरची ही नळी महागड्या मॉडेलच्या 'जादा धूर' बटणापेक्षा जास्त काम करते, असा माझा अनुभव.

विकत घेताना काय बघायचं? ॲपकडे बघू नका. ॲप सगळ्यांत शेवटी. मी ते महिन्यातून एकदा उघडते, तेही पाहुण्यांना दाखवायला. पहिलं बघायचं ते झाकण. दुकानात उचलून बघा, हलकं फडफडीत असेल तर पुढे चला. आमच्याकडे कॅन्ससचा वारा आणि जानेवारीतली थंडी, दोन्ही पातळ पत्र्याला झेपत नाहीत. उन्हाळ्यात २० पाउंडाची पिशवी मला कमी तापमानावर तेरा-चौदा तास पुरते, बाहेर १० डिग्री फॅरेनहाइट असताना तीच सात-आठ तासांत संपते. टेक्सासवाल्यांना याचं काही वाटणार नाही, पण मिनेसोटात असाल तर दुहेरी पत्रा किंवा वरून घालायची उष्णतारोधक गोधडी यांचा विचार आधीच करा.

दुसरं म्हणजे तापमान सांभाळणारा कंट्रोलर. जुन्या पद्धतीचे ठरावीक सेकंद चालू, ठरावीक सेकंद बंद असे चालतात आणि वीस-पंचवीस डिग्री वरखाली होतात. पीआयडी (तापमान सतत मोजून गोळ्या बारकाईने कमीजास्त करणारा कंट्रोलर) असलेले पाच-दहा डिग्रीच्या आत राहतात. केक भाजायचा असेल तर पीआयडीच घ्या. (मी नानकटाई भाजली आहे. ओक लाकडाचा हलका वास असलेली नानकटाई. ऐकायला विचित्र, खायला अप्रतिम.)

तिसरं, राख कुठून निघते. काहींना खाली दांडा ओढला की राखेची वाटी खाली येते, कॅम्प शेफचं तसं आहे. माझ्या ग्रिलमध्ये जाळी, ट्रे, पत्रा सगळं काढून वर्कशॉपच्या दणकट व्हॅक्यूमने ओढावी लागते, दर दोन पिशव्यांनंतर. पंचवीस मिनिटं जातात, हात काळे होतात. परत घेतला तर मी या एका गोष्टीसाठी शंभर डॉलर जास्त देईन. राख साचली की गोळ्या पेटायला उशीर होतो, आणि ट्रेवर चरबी साचली की ती पेट घेते. ती पेटली तर पाणी ओतू नका. झाकण बंद ठेवा, यंत्र बंद करा आणि लांब उभे राहा.

आकाराबद्दल एवढंच, की खोक्यावरचे चौरस इंच वरच्या मांडणीसकट मोजलेले असतात. चौघांच्या घराला पाच-सहाशे भरपूर. आमच्याकडे पार्टी म्हणजे तीस माणसं असं म्हणून मोठा घ्याल, तर उरलेले तीनशे साठ दिवस चार टोमॅटोंसाठी अख्खी भट्टी तापवाल.

आणि ज्यांना काळे डाग हवेतच त्यांनी मधला पत्रा सरकवता येतो असं मॉडेल बघावं. पिट बॉसच्या अनेक मॉडेलांत ती सोय आहे. वेबरचा २०२४मध्ये आलेला सीअरवूड ६०० डिग्रीपर्यंत जातो आणि त्यात थेट ज्वाळेवर भाजता येतं. तंदुरीच करायची असेल तर माझं मत वेगळंच आहे: दोनशे-सव्वादोनशे डॉलरची कोळशाची वेबर केटल (गोल झाकणाची शेगडी) घ्या, उरलेल्या पैशांत भारताचं अर्धं तिकीट काढा.

आता गाऱ्हाणं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अर्धी चूक माझी होती. मागच्या थँक्सगिव्हिंगला बारा माणसं जेवायला. दोन राना सकाळी आठला चढवल्या. त्याआधी दोन दिवस पाऊस, आणि हॉपरमधल्या गोळ्या तीन आठवड्यांपासून तशाच. दुपारी एकला बघते तर आकडा १४०वर आणि उतरतोय. हॉपर उघडलं तर वरच्या गोळ्या ठीक, पण खालच्या ओल पिऊन फुगलेल्या, लाह्या व्हाव्यात तशा. बोटांत धरल्या की भुसा. तो भुसा ऑगरच्या नळीत जाऊन सिमेंटसारखा बसला होता. दांडा फिरेना, मोटर नुसती हूं हूं करत होती. राना ओव्हनमध्ये हलवल्या, जेवण पार पडलं, आणि सोमवारी कंपनीला फोन केला. पन्नास मिनिटं संगीत ऐकलं. पहिल्याने सांगितलं, प्लग काढून दहा मिनिटांनी लावा. दुसरीने फोटो मागवले. तिसऱ्याने विचारलं, आमच्याच कंपनीच्या गोळ्या वापरल्या होत्या का? नसतील तर वॉरंटीचं बघावं लागेल. पाऊस काय गोळ्यांचा ब्रँड बघून पडतो? हॉपरच्या झाकणाला रबराची कड नाही, पाणी तिथून झिरपतं, हे मी चार वेळा सांगितलं. शेवटी मोटर पाठवली फुकट, पण अठरा दिवसांनी. तोवर मी आणि नवऱ्याने मोठ्या पान्याने दांडा उलटा फिरवून, खरवडून नळी मोकळी केलीच होती. ती नवी मोटर अजून गॅरेजमध्ये खोक्यात आहे. म्हणून दुकानात झाकणासोबत हॉपरचं झाकणही उचलून बघा, कडेला रबर आहे का.

गोळ्यांबद्दल थोडं. शेगडीत जाळायच्या गोळ्या स्वस्त मिळतात, त्या स्वयंपाकाला वापरू नका. खाण्यासाठीच्याच घ्या, आणि पिशवीवर 'हिकरी' लिहिलं म्हणजे आत सगळी हिकरीच असते असं नाही, पुष्कळदा ओक किंवा अल्डर लाकडात थोडी मिसळलेली असते. मागचं बारीक लिहिलेलं वाचा. मटणाला हिकरी, चिकनला आणि पनीरला सफरचंद किंवा चेरी, टोमॅटोला काहीही. मेस्किट फार उग्र. आपल्याकडची वेडी बाभूळ त्याच कुळातली, हे कळल्यावर मला गावच्या कोळशाच्या पोत्यांचा वास आठवला. पिशवी फोडली की गोळ्या झाकणाच्या बादलीत, आणि हातात एक मोडून बघायची: कट्ट आवाज आला तर कोरडी, न मोडता चुरली तर फेकायची.

किंमत साध्या मॉडेलला चार-पाचशे डॉलर, बरं हवं तर आठशे ते बाराशे. इथे कॅन्ससमध्येच हचिन्सनला बनणारा योडर दोन हजारांच्या वर जातो, जाड पोलादाचा, दोघांनी उचलावा असा. शेजारच्या आजोबांना मनातून तो हवा आहे, फक्त पेलेट म्हणायची लाज वाटते.

आज शुक्रवार. हॉपरमध्ये अर्धी पिशवी चेरी आहे आणि रात्री पाऊस सांगितलाय. बादली घेऊन बाहेर जाते.